टपाल खात्याची निवृत्त गाडी घरच्या वापरासाठी घेताना

टपाल खात्याने वापरातून काढलेली लाल रंगाची बंदिस्त गाडी स्वस्तात मिळते, तिचा सांगाडा दणकट असतो आणि सरकारी असल्यामुळे तिची देखभाल वेळच्या वेळी झालेली असते, अशा समजुतीने पुण्यात अधूनमधून कोणीतरी अशा गाडीच्या शोधात असते. कोणाला मुळशी किंवा भोरकडच्या शेतावर खत, रोपे आणि अवजारे न्यायची असतात, कोणाला गणेशोत्सवातील पथकाचे ढोल-ताशे पावसात न भिजवता हलवायचे असतात, तर कोणाला मागच्या भागात अंथरूण टाकून कोकणात मुक्कामी भटकायचे असते. या गरजा रास्त आहेत आणि त्यांसाठी अशी गाडी उपयोगीही पडते. मात्र खरेदीची सुरुवात इंजिनाचा आवाज ऐकून न करता पहिल्या नोंदणीची तारीख वाचून करावी, कारण सरकारी गाडीच्या बाबतीत ती तारीखच पुढील बहुतेक प्रश्नांचा निकाल लावते.

पंधरा वर्षांची मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जानेवारी २०२३ मध्ये ५२-अ हा नियम समाविष्ट करण्यात आला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. या नियमानुसार केंद्र सरकार, राज्य सरकारे, महानगरपालिका, सार्वजनिक उपक्रम आणि राज्य परिवहन मंडळे यांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे पूर्ण होताच संपुष्टात येते. तिचे नूतनीकरण होत नाही, आधी नूतनीकरण झालेले असले तरी ते रद्द समजले जाते, आणि गाडी नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या काही विशेष गाड्यांना यातून सूट आहे. टपालाच्या गाडीला ती नाही. त्यामुळे १५ वर्षे ओलांडलेली टपाल गाडी कितीही धडधाकट दिसली, तरी ती रस्त्यावर चालवण्यासाठी तुम्हाला मिळणार नाही, आणि अशा गाड्यांच्या लिलावात बोली लावण्याचा अधिकारही भंगार केंद्रांपुरताच ठेवलेला असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की खासगी ग्राहकाला उपयोगी पडणारी गाडी ही अपघात, खर्चिक दुरुस्ती किंवा मार्ग बंद झाल्यामुळे मुदतीपूर्वीच निकामी ठरवलेली, म्हणजे खात्याच्या भाषेत ‘कंडेम’ केलेली असते. तिचे किती आयुष्य शिल्लक आहे हे पाहताना केवळ वर्ष पाहू नये, तर महिना आणि तारीख पाहावी. जून २०१२ मध्ये नोंदलेली गाडी सरकारी मालकीत असेपर्यंत जून २०२७ च्या पुढे जाऊ शकत नाही. लिलाव जिंकणे, रक्कम भरणे, गाडी उचलणे आणि आरटीओत नाव बदलणे यांत काही महिने सहज जातात, म्हणून मुदतीला वर्षभराहून कमी काळ उरलेल्या गाडीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकी खासगी झाल्यावर हा नियम तिला लागू राहत नाही आणि इतर खासगी मालवाहू गाड्यांप्रमाणे फिटनेस, म्हणजे रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, मिळत राहील तोपर्यंत ती चालवता येते. मात्र त्यासाठी हस्तांतर मुदतीआधी कागदोपत्री पूर्ण झालेले असले पाहिजे. बोली जिंकल्याची पावती हा त्याचा पर्याय नव्हे.

तारीख पडताळणे अवघड नाही. लिलावाच्या यादीत गाडीचा क्रमांक असतो, आणि तो ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये घातला की नोंदणीची तारीख, गाडीचा वर्ग, इंधन, फिटनेसची मुदत, विमा आणि पीयूसी यांची माहिती दिसते. यादीतील वर्ष आणि संकेतस्थळावरील वर्ष यांत तफावत असेल, तर संकेतस्थळावरील नोंद खरी धरावी आणि तफावतीचे कारण खात्याला लेखी विचारावे.

येथेच आणखी एका मोहाचा निकाल लावलेला बरा. अमेरिकी टपाल खात्याच्या चौकोनी, ॲल्युमिनियमच्या बांधणीच्या गाड्यांची चित्रफीत पाहून तशी एखादी गाडी मागवता येईल का, असे विचारणारे उत्साही लोक भेटतात. ग्रुमन कंपनीने १९८७ ते १९९४ या काळात बनवलेल्या त्या गाड्यांचे सुकाणू उजव्या बाजूला असते, कारण टपालवाल्याला खाली न उतरता रस्त्याकडेच्या पेटीत पत्र टाकता यावे अशी ती रचना आहे, आणि हे आपल्या रस्त्यांना सोयीचे वाटते. परंतु भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नसावी, अशी अट आहे. तेव्हा तो विषय तिथेच संपतो.

गाडी मिळते कुठे

टपाल खात्याची स्वतःची मेल मोटर सेवा आहे आणि रेल्वे स्थानके, विमानतळ, मुख्य टपाल कार्यालय आणि उपकार्यालये यांच्यामधील पिशव्यांची ने-आण तिच्या गाड्या करतात. निकामी ठरलेल्या गाड्यांच्या विक्रीच्या सूचना महाराष्ट्र परिमंडळाच्या निविदांमध्ये खात्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. प्रत्यक्ष विक्री कधी लिफाफाबंद निविदेने, तर कधी एमएसटीसी या केंद्रीय उपक्रमाच्या किंवा जेम या सरकारी खरेदी-विक्री व्यासपीठाच्या ई-लिलावातून होते. पुण्यापुरतेच पाहू नये. मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूरकडील गाडीही विचारात घ्यावी. नोंदणी महाराष्ट्रातीलच असली म्हणजे परराज्यातील ना-हरकत प्रमाणपत्र आणि फरकाचा कर यांचा व्याप टळतो.

ई-लिलावासाठी खरेदीदार म्हणून आधीच नोंदणी करून ठेवावी लागते. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा तपशील द्यावा लागतो, पडताळणीला वेळ लागतो, आणि लिलावाच्या आदल्या दिवशी धावपळ करून हे होत नाही. बयाणा रक्कम किती, ती परत कधी मिळते, बोली मंजूर झाल्यावर किती दिवसांत पूर्ण रक्कम भरायची, गाडी किती दिवसांत उचलायची आणि उशीर झाल्यास जागेचे भाडे किती, हे प्रत्येक लिलावाच्या अटींमध्ये वेगवेगळे असते. बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि काही वेळा टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) वेगळा लागतो, हे विसरून बोली लावणारे शेवटी हात चोळत बसतात. बोली मागे घेतली तर बयाणा जप्त होतो.

‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट या सर्व अटींचा गाभा होय. गाडी चालू नसेल, टायर बसलेले असतील किंवा बॅटरीच नसेल, तरी खात्याची कोणतीही जबाबदारी राहत नाही आणि ती आवारातून बाहेर काढण्याची क्रेन व टोइंगची व्यवस्था तुम्हालाच करावी लागते.

पाहणीच्या दिवशी

पाहणीसाठी ठरावीक दिवस आणि वेळ दिलेली असते. त्या दिवशी एकट्याने न जाता ओळखीचा, त्याच बनावटीच्या गाड्यांवर काम करणारा मेकॅनिक दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावा. पुण्यात अशी माणसे शोधावी लागत नाहीत. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा भोसरीत टाटा, महिंद्रा आणि फोर्सच्या गाड्यांवर आयुष्य घालवलेले मिस्त्री आहेत. गाडीचा तोच मोडका भाग लिलावात आपल्याला दिसतो त्याहून वेगळा त्यांना दिसतो, आणि त्यांच्या मजुरीचे पैसे एका चुकीच्या बोलीच्या तुलनेत काहीच नसतात.

सर्वप्रथम गाडीचे लॉगबुक आणि दुरुस्तीची नोंदवही पाहायला मागावी. सरकारी गाडीची ही जमेची बाजू आहे, कारण खासगी विक्रेत्याकडे असा दप्तरी इतिहास सहसा नसतो. कोणता भाग कधी बदलला, गाडी किती काळ उभी होती, अपघाताची नोंद आहे का आणि निकामी ठरवताना कोणते कारण दिले, हे त्यातून कळते. सर्व अधिकारी नोंदवही दाखवतीलच असे नाही, पण विचारल्याशिवाय कोणीही दाखवत नाही.

टपालाच्या गाडीची झीज वेगळ्या प्रकारची असते. ती शहरात थांबत-थांबत, दिवसातून अनेकदा बंद-चालू होत धावलेली असते, त्यामुळे मीटरवरचे किलोमीटर कमी दिसले तरी क्लच, सेल्फ, दुसरा गिअर, ब्रेकचे लायनर आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या यांनी किलोमीटरच्या मानाने कितीतरी अधिक काम केलेले असते. मागच्या दाराचे कडी-कोयंडे वाकलेले असतात आणि पिशव्या ओढून-ओढून हौद्याचा पत्रा झिजलेला असतो. उलट पाटे (स्प्रिंग) आणि मागचा एक्सल अनेकदा चांगल्या स्थितीत आढळतात, कारण टपालाच्या पिशव्यांचे वजन वाळू-विटांसारखे मर्यादेबाहेर जात नाही. बांधकामाच्या मालावर धावलेल्या त्याच वर्षाच्या गाडीपेक्षा टपालाची गाडी पत्करली, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

दुसरी झीज उभे राहण्याची असते, आणि ती अधिक फसवी आहे. निकामी ठरल्यापासून लिलाव होईपर्यंत गाडी एक-दोन पावसाळे उघड्यावर काढते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भिंतीला बारीक तडे गेलेले असतात. टायरवर छापलेल्या चार अंकी आकड्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा. टाटा ४०७ सारख्या गाडीला मागे जोडचाके असल्याने स्टेपनीसह सात टायरांचा खर्च येतो, आणि एवढ्यावरच स्वस्त गाडीचा स्वस्तपणा पुष्कळसा आटतो. याशिवाय डिझेलच्या टाकीत पाणी व गाळ साचतो, चाकांचे ब्रेक सिलिंडर आखडतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. यांपैकी वायरिंगची दुरुस्ती सर्वांत चिवट. बाकीच्या गोष्टी पैसे टाकले की होतात.

गंज शोधण्यासाठी एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरेसा आहे. हौद्याच्या तळाशी प्लायवूड किंवा रबरी चटई टाकलेली असेल तर ती उचलायला लावावी, कारण पाणी तिच्याखाली साठते. चासीचे आडवे पट्टे, बॉडी चासीला जिथे बोल्टने बसवली आहे ते सांधे, केबिनमधील पायाखालचा पत्रा आणि छताची जोडपट्टी येथे टोक दाबून पाहावे. वरवरचा गंज घासून रंगवता येतो, पण टोक आत गेले तर पत्रा बदलावा लागतो. चासीच्या मुख्य पट्ट्यालाच भोक पडले असेल किंवा तिथे वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर पुढचे काहीही न पाहता ती गाडी सोडून द्यावी.

इंजिन सुरू करून दाखवले जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. परवानगी मिळाल्यास स्वतःची चार्ज केलेली बॅटरी आणि थोडे स्वच्छ डिझेल सोबत न्यावे. परवानगी नसेल तर मेकॅनिकला पुढची पुली पान्याने फिरवून पाहायला सांगावे. ती फिरली नाही तर इंजिन जाम झालेले असू शकते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळलेले आहे, हेड गॅस्केट गेले असावे किंवा हेडला तडा असावा. रेडिएटरचे झाकण उघडून आतला रंग पाहावा. इंजिन सुरू झालेच तर ऑइल भरण्याच्या तोंडातून येणारा धूर आणि सायलेन्सरमधील धुराचा रंग पाहावा. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे, आणि काळा धूर असेल तर पीयूसीपूर्वी पंप व इंजेक्टरचे काम करावे लागेल, असे गृहीत धरावे. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काळातील अनेक डिझेल गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. अशा गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, जागेवर आहे का आणि मूळ किल्ली मिळणार आहे का, हे आधी विचारावे.

आवारात पडून असलेल्या गाड्यांचे सुटे भाग नाहीसे होण्याचे प्रमाण बरेच असते. बॅटरी, स्टेपनी, जॅक, डायनामो, सेल्फ आणि कधीकधी डिझेल पंपसुद्धा जागेवर नसतो. यादीत ‘गहाळ भाग’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते प्रत्यक्षाशी ताडून घ्यावे आणि अधिकाऱ्याच्या परवानगीने तारखेसह छायाचित्रे काढावीत, म्हणजे गाडी उचलताना आणखी काही कमी झालेले आढळल्यास बोलायला आधार राहतो. सर्वांत शेवटी, पण टाळता न येणारे काम म्हणजे चासी क्रमांक स्वतः वाचणे. गंजावर पेट्रोलचा बोळा फिरवून अंक उघडे करावेत, कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यावा आणि तो आरसीतील क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. एक अंक जरी वाचता येत नसेल तरी तेवढ्या कारणाने आरटीओत गाडी अडकू शकते.

बोली किती लावावी

याचे उत्तर उलटे मोजून मिळते. त्याच बनावटीची, त्याच वर्षाची, चालू स्थितीतील खासगी मालवाहू गाडी पुण्यात साधारण किती रुपयांना मिळते ते दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवावे. त्यातून टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, इंजिनाचे ठरलेले काम, पत्रा व रंग, टोइंग, फिटनेस, कर आणि पहिल्या वर्षाचा विमा वजा करावा, आणि न दिसलेल्या दोषासाठी आणखी काही रक्कम बाजूला ठेवावी. उरेल तो आकडा जीएसटीसह तुमच्या बोलीची कमाल मर्यादा समजावा. तो आकडा कागदावर लिहूनच लिलावाला बसावे, कारण भंगारवाले किलोच्या हिशेबाने बोली लावतात आणि त्यांच्याशी ईर्षा करण्यात अर्थ नसतो.

कागदपत्रे

सामान्य विक्रीत मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरले जातात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी मात्र नमुना ३२ आहे, आणि गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत तो सादर करायचा असतो. त्यासोबत आरसी, विम्याचे प्रमाणपत्र, विक्री तुमच्या नावे कायम केल्याचे लिलाव अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. हे शेवटचे कागदपत्र बहुतेकांकडे नसते आणि खेटे घालण्याची वेळ त्यामुळेच येते. गाडी आवारात असेपर्यंत खात्यालाही ती लवकर जावी असे वाटत असते. ती एकदा बाहेर पडली की तुमच्या प्रकरणाची निकड कोणालाच राहत नाही. म्हणून डिलिव्हरी ऑर्डर घेतानाच ही प्रत, मूळ आरसी आणि विक्रीपत्र एकत्र मागून घ्यावे, आणि विक्रीपत्रातील चासी व इंजिन क्रमांक, नाव आणि पत्ता तिथल्या तिथे तपासावा.

नोंदणी तुमच्या राहत्या पत्त्याच्या आरटीओत होते. शहरातील रहिवाशाला संगम पुलाजवळचे पुणे कार्यालय म्हणजे एमएच-१२, आणि पिंपरी-चिंचवडकराला एमएच-१४ लागते. गाडी दुसऱ्या कार्यालयात नोंदलेली असेल तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र आधी आणावे. आरसीवरचा कराचा रकाना लक्षपूर्वक वाचावा, कारण सरकारी मालकीमुळे कर भरलेला नसेल तर खासगी नावावर येताना तो भरावा लागतो. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. एजंट लावावा की नाही हा ज्याच्या-त्याच्या सवडीचा प्रश्न आहे. मात्र लिलावाच्या गाडीचे काम पूर्वी केलेलाच एजंट निवडावा. नेहमीच्या हस्तांतराची सवय असलेले एजंट नमुना ३२ पाहून गोंधळतात.

विम्याबाबत एक विचित्र अडचण संभवते. सरकारच्या मालकीच्या आणि व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या गाड्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये विम्याच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे अशा गाडीला कधी विमाच काढलेला नसतो. विमा कंपनीला ‘मागील पॉलिसी’ हवी असते आणि ती दाखवता येत नाही. अशा वेळी विक्रीपत्र दाखवून आणि गाडीची तपासणी करून घेऊन किमान तृतीय पक्ष विमा काढावा, आणि तो हाती येईपर्यंत गाडी चालवत नव्हे, ट्रकवर चढवून किंवा टो करूनच न्यावी. मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता घरच्या कारच्या हप्त्यापेक्षा बराच जास्त असतो, हे आधीच हिशेबात धरावे.

फिटनेस, ज्याला सारे जण पासिंग म्हणतात, आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांसाठी आणि त्यापुढे दर वर्षी घ्यावे लागते. गाडी जुनी होत जाते तसे त्याचे शुल्कही वाढते. ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, परावर्तक पट्ट्या आणि उच्च सुरक्षा क्रमांक पाटी यांची तयारी करूनच वेळ घ्यावी. यापैकी ब्रेकच्या चाचणीत जुन्या गाड्या सर्वाधिक नापास होतात.

घरचा वापर म्हणजे नेमके काय

गाडी घरच्या कामासाठी घेतली म्हणून ती आपोआप खासगी होत नाही. आरसीवर तिचा वर्ग मालवाहू असेल तर घरचे खत वाहिले तरी ती मालवाहूच राहते, पाटी पिवळी राहते आणि दरवर्षीचे पासिंग चुकत नाही. माझ्या मते शेतावर जाणाऱ्याने हे निमूटपणे स्वीकारावे, कारण वर्ग बदलण्याच्या खटपटीपेक्षा वर्षातून एकदा पासिंगला जाणे सोपे आहे. एकूण वजनमर्यादा (गाडी आणि माल मिळून) ३,००० किलोपर्यंत असेल तर परवाना, म्हणजे परमिट लागत नाही. टाटा एस किंवा तत्सम छोटी गाडी या मर्यादेत बसते, टाटा ४०७ बसत नाही. घरच्या वापरासाठी छोटी गाडी बरी म्हणण्याचे हे एक ठोस कारण आहे. चालकाच्या परवान्याची काळजी मात्र फारशी नको: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

मागच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. पथकातील पोरे ढोलांसोबत मागे बसतात हे दृश्य पुण्यात नवे नाही, परंतु मालवाहू गाडीत फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नसते, आणि अपघात झाल्यास ती रक्कम गाडीच्या मालकाच्या खिशातून जाते.

फिरतीची गाडी करू पाहणाऱ्यांना थोडे अधिक सांगणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक कडकपणे सांगितले. त्यामुळे बाजूच्या पत्र्याला खिडक्या पाडणे, मागे आसने ठोकणे किंवा छत उंच करणे हे मनात आले म्हणून करण्यासारखे नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-वाहतूक गाड्यांमधील मान्य प्रकार आहे, पण त्यासाठी ठरलेल्या मानकाप्रमाणे मंजुरी घ्यावी लागते आणि एका जुन्या गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. मधला मार्ग साधा आहे: घडीची खाट, सामानाच्या पेट्या, चार्जिंगचे दिवे, पाण्याचे कॅन, जे काही पट्ट्याने बांधता आणि सायंकाळी उतरवून ठेवता येते तेवढेच न्यावे, पत्र्याला हात लावू नये. बंदिस्त हौद्यात गॅसची शेगडी पेटवू नये आणि झोपताना हवेची वाट मोकळी ठेवावी.

रंग, जागा आणि पर्याय

गाडीवरचे ‘भारतीय डाक’ हे नाव, बोधचिन्ह आणि ‘भारत सरकार’ अशी अक्षरे रस्त्यावर येण्यापूर्वी पूर्णपणे काढून टाकावीत. पुसट राहिलेली अक्षरेही नाकाबंदीत प्रश्न निर्माण करतात. लाल रंग ठेवण्यास हरकत नाही, पण दुसरा दिला तर आरसीतील रंगाची नोंद बदलून घ्यावी.

गाडी ठेवायची कुठे, याचे उत्तर बोली लावण्यापूर्वीच मिळवावे. सोसायटीच्या तळघरातील वाहनतळाची उंची फितीने मोजावी, मालवाहू गाडीबाबत सोसायटीचा ठराव आहे का ते पाहावे, आणि पेठांत राहत असाल तर सरळ शेतावर किंवा गावाकडच्या घरी ठेवण्याचा विचार करावा. मालवाहू गाड्यांना शहराच्या काही रस्त्यांवर ठरावीक वेळी बंदी असते, आणि द्रुतगती मार्गावर टोलही कारपेक्षा अधिक पडतो. फास्टॅग घेताना गाडीचा योग्य वर्ग नोंदवावा.

हे सर्व वाचून ज्याला सरकारी गाडीचा खटाटोप नको वाटेल, त्याने खासगी मार्गाने आलेल्या गाड्या पाहाव्यात. टपाल आणि कुरिअरची बरीचशी वाहतूक ठेकेदारांच्या मालवाहू गाड्यांतून होते, आणि ठेका संपला की त्या गाड्या खुल्या बाजारात येतात. त्यांना ५२-अ लागू नाही, विम्याचा इतिहास असतो आणि हस्तांतर नेहमीच्या नमुन्यांवर होते. मात्र त्या कर्जावर घेतलेल्या असतात, म्हणून बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ (आरसीवरील कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, थकलेला वाहतूक दंड (चलान) ऑनलाइन तपासावा, आणि किलोमीटरच्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. लाल रंगाचा हट्ट नसेल तर चारांपैकी तिघांना मी हाच मार्ग सुचवीन.

गाडी कोणत्याही मार्गाने आली तरी नावावर होताच इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बेल्ट जुन्या नोंदींवर विसंबून न राहता एकदम बदलावेत. डिझेलची टाकी उतरवून धुवावी आणि पहिले काही आठवडे कात्रज किंवा दिवे घाट चढवण्याआधी शहरालगतच्या सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, ब्रेक आणि इंजिनाचे तापमान पाहत गाडी चालवावी.